कार्यवाहांचा रफार

वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर लाल पट्टी आली तेव्हा मी तो बंद करून पुन्हा चालू केला. मग घरी जाऊन जेवून आलो. पट्टी होतीच. तुमचं ऑफिस अस्सल नाही, असं काहीसं तिच्यात लिहिलेलं. आमचं ऑफिस म्हणजे दोन कपाटांमागची खोली. तिच्या अस्सलपणाबद्दल शंका घ्यायला जागा होती, पण ती कॉम्प्युटरने घ्यावी याचं वाईट वाटलं.

आमचं वाचनालय ‘क’ वर्गातलं. अनुदान येईल तेव्हा येतं. मी मानद कार्यवाह, म्हणजे बिनपगारी आणि बोलणी खाणारा. कॉम्प्युटर विकणाऱ्याने बारा वर्षांपूर्वी वर्ड आणि एक्सेल आत ‘टाकून’ दिलं होतं. बिलात त्याचा उल्लेख नव्हता, आम्हीही विचारलं नव्हतं.

अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी माझी धडपड बघत होती. म्हणाली, “काका, लिब्रऑफिस टाकू? फुकट आहे.”

“हेही फुकटच होतं.”

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “हे चोरीचं होतं. ते दिलेलं आहे.”

समोर कॉलेजच्या वयाची मुलगी उभी, आणि मी तिच्यासमोर चोरीचा माल सांभाळणारा. हो म्हणालो.

साधारण साडेतीनशे एमबीची फाईल उतरली. मी वही-पेन घेऊन बसलो, कारण मागच्या वेळी पंचवीस अक्षरांची किल्ली टिपून ठेवायला लागली होती. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. किल्ली कोणी मागितलीच नाही. सामान घेतलं आणि दुकानदार पैसे न घेताच आत निघून गेला, तसं झालं. यांचं पोट कसं भरतं, विचारलं. देणग्या, हौशी लोकांचं काम आणि सेवा विकून कमावणाऱ्या कंपन्यांनी पगारावर ठेवलेले प्रोग्रामर, असं तिचं उत्तर. वाचनालय चालवणाऱ्या माणसाला त्यातल्या देणग्या आणि हौस समजली.

वंशावळ तिने चहा पिता पिता सांगितली. जर्मनीत ल्युनेबर्ग गावात मार्को बोरिस नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने 1985 मध्ये स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली; तिथल्या स्टारऑफिसपासून हे सुरू झालं. 1999 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ते विकत घेतलं, पुढच्या वर्षी त्याचा कोड सर्वांना खुला केला आणि त्याचं ओपनऑफिस झालं. 2010 मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. तेव्हा काम करणाऱ्यांपैकी बरेच जण कोड घेऊन बाहेर पडले. परवाना तसा होता, त्यामुळे कोणी अडवू शकलं नाही. नाव मात्र मागेच राहिलं, म्हणून नवं नाव लिब्रऑफिस. भाऊबंदकीत घराबाहेर पडलेल्यांनी भांडीकुंडी सगळी न्यावीत आणि आडनाव तेवढं ठेवून यावं, असा प्रकार. मला तो आवडला.

एक्सेलच्या जागी आलेल्या कॅल्कबद्दल सांगण्यासारखं काही नाही. जमाखर्च उघडला, बेरजा त्याच आल्या, तूटही तेवढीच राहिली. घाम काढला तो वर्डच्या जागी आलेल्या राइटरने, खरं म्हणजे मराठीने.

मी टाइपरायटरवर शिकलेला. तिथे पहिली वेलांटी आधी मारायची, अक्षर मागून. आमच्या जुन्या मराठी फाँटचा कीबोर्डही तसाच होता. आता तिने विंडोजमधलाच इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला. त्यात अक्षर आधी, वेलांटी नंतर. माझी बोटं ऐकेनात. ‘दिनांक’ लिहायला गेलो की वेलांटी एका ठिपक्यांच्या गोलावर चढून बसायची आणि ‘द’ शेजारी बोडका उभा राहायचा. आठवडाभर माझ्या प्रत्येक पत्रात असे गोल होते.

मग शीर्षक मोठं करायचं होतं. मुलीने बजावलं होतं की दर वेळी निवडून आकार बदलू नका, स्टाइल बदला. स्टाइलमध्ये जाऊन आकार 20 केला. काही नाही. 24. काही नाही. रागाने 48. तेव्हा नोंदणी क्रमांकातलं इंग्रजी ‘एफ’ भोपळ्याएवढं झालं आणि वाचनालयाचं नाव होतं तेवढंच राहिलं. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्टाइलला एकाहून जास्त फाँट असतात, पाश्चात्त्य लिपीचा वेगळा आणि आपल्यासारख्या लिप्यांचा वेगळा. आपल्या गटाला नाव आहे ‘कॉम्प्लेक्स’. मी नको त्या रकान्यात आकडे वाढवत बसलो होतो. रोज सकाळी सूचनाफलक लिहिणाऱ्या माणसाला आपली लिपी गुंतागुंतीची आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं.

खरा धक्का पुढे होता. जुनी इतिवृत्तं तिने पेनड्राइव्हवर घेऊन स्वतःच्या लॅपटॉपवर उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंसांची भेळ. “बघ, तुझ्या लिब्रने वाट लावली,” मी म्हणालो. तिने काही न बोलता तीच फाईल मैत्रिणीच्या विकतच्या वर्डमध्ये उघडून दाखवली. तीच भेळ. आमच्या जुन्या फाँटात इंग्रजी अक्षरांवर मराठीचे नुसते मुखवटे चढवलेले होते. फाँट आहे तोवर ‘सभा’ दिसायची. फाँट गेला की आत ‘सभा’ कुठे नव्हतीच. बारा वर्षं मी मराठीत लिहीत होतो अशी माझी समजूत होती.

रूपांतर करणारी साधनं मिळाली. त्यांतून नव्वद पानं युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, आणली आणि दीड महिना तपासत बसलो. वेलांट्या शेजारच्या अक्षरावर, रफार एक घर पुढे किंवा मागे. जुन्या फाँटात रफार अक्षरानंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये तो ‘र’ आधी येतो. ही उलथापालथ करताना यंत्राचा पाय घसरतो.

सगळं संपल्यावर तिने एक गंमत दाखवली. राइटरच्या ओडीटी फाईलचं नाव बदलून शेवटी ‘झिप’ केलं आणि ती उघडली. आत आणखी फायली. त्यातली ‘कंटेंट’ नावाची साध्या नोटपॅडमध्ये उघडली. कंसांच्या जंगलात आमचं वाक्य सरळ मराठीत उभं: ‘अध्यक्षांच्या परवानगीने सभेचे कामकाज सुरू करण्यात आले.’ नव्या वर्डच्या फायलीही आतून अशाच असतात, हेही तिनेच सांगितलं. स्वतःच्या पक्षाविरुद्ध साक्ष देणारा प्रचारक मी पहिल्यांदाच पाहिला. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

यंदाचा वार्षिक अहवाल पूर्ण राइटरमध्ये केला. एकही ठिपक्यांचा गोल नाही, शीर्षकं जागच्या जागी. पेनड्राइव्ह घेऊन मोठ्या दिमाखात छापखान्यात गेलो. डीटीपी करणाऱ्याने फाईल पाहिली आणि चेहरा पाडला.

“युनिकोड? आमच्याकडे चालत नाही काका. राहू द्या, मी आमच्या फाँटात फिरवून घेतो.”

प्रूफ बघायला सवड नव्हती, सर्वसाधारण सभा दोन दिवसांवर होती. दोनशे प्रती आल्या. छपाई स्वच्छ, कागद बरा. शेवटच्या पानावर माझं नाव आणि त्याखाली ठळक अक्षरांत हुद्दा: मानद कायर्वाह.