मापटे आणि पायली

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात नाव घातले. दिवसा कचेरी, संध्याकाळी बी.सी.ए. घरात सगळ्यांना कौतुक वाटले. ते 'सी' भाषा दाराशी येईपर्यंत!

'सी' तशी जुनीच. डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घडवली. पण यंत्राला ती थेट कळत नाही. मध्ये कंपायलर नावाचा दुभाषा लागतो. तो कुठला घ्यावा, इथून माझे रामायण सुरू झाले.

कॉलेजात होता टर्बो सी. निळा पडदा, पिवळी अक्षरे. हा डॉसच्या जमान्यातला गडी आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सरळ चालत नाही. डॉसबॉक्स घालून खोटा डॉस उभा करावा, तेव्हा महाराज बसतात! लेक हसत सुटला. "आई, जीसीसी घे. फुकट आहे आणि आजचा आहे." रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ साली लोकांना दिला, आणि त्यात अजून सुधारणा चालू आहेत. कोडब्लॉक्सबरोबर तो तासाभरात घरच्या यंत्रावर बसला.

मी पहिला प्रोग्रॅम लिहिला तो एक ते आठ आकड्यांच्या गुणाकाराचा. उत्तर आले ४०३२०. कागदावर ताडून पाहिले, बरोबर! दुसऱ्या संध्याकाळी कॉलेजात तोच प्रोग्रॅम चालवला, तर उत्तर उणे २५२१६!

छातीत धस्स झाले. प्रात्यक्षिक परीक्षा आठ दिवसांवर, तीही ह्याच यंत्रांवर. पगारातून वाचवून भरलेली फी डोळ्यांपुढे आली.

सर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. म्हणाले, "ताई, गणित चुकलं नाही. इथला 'इंट' सोळा बिटांचा. ३२७६७ च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही, उलटून उणे बाजूला जातो. तुमच्या घरचा बत्तीस बिटांचा."

मला आईचे मापटे आठवले. मापट्यात पायलीभर तांदूळ ओतले, तर सांडणारच! दोष ना तांदळाचा, ना मापट्याचा. दोष माप न बघता ओतणाऱ्या हाताचा. 'इंट'च्या जागी मी 'लाँग' घातला, छापण्याची खूणही तशी बदलली. दोन्हीकडे ४०३२० आले.

घरी लेकाला म्हटले, "आता तुझ्या नव्या शहाण्याला साध्या 'इंट'मध्येच तेरापर्यंतचा गुणाकार विचार." पडद्यावर १९३२०५३५०४ उमटले. "बघ, बरोबर!" तो म्हणाला. मी कागद पुढे सरकवला. खरे उत्तर ६२२७०२०८०० होते.

लेक गप्प झाला. पायलीसुद्धा कधीतरी भरतेच. जुन्याने निदान उण्याची खूण करून मला सावध केले होते. नवा मात्र तोंड न हलवता खोटे बोलला.

परीक्षेत मी पास झाले. अजूनही लिहिते नव्यावर. पण शेजारी कागद-पेन्सिल ठेवल्यावाचून यंत्र उघडत नाही.