अकरा लाव्यांचा रस्सा

ॲरिझोनात शिकारीचा परवाना ऑनलाइन मिळतो. फॉर्म, कार्ड पेमेंट, पीडीएफ. मोठ्या माणसांना परीक्षा द्यावी लागत नाही. मी तरी बंदुकीच्या सुरक्षिततेचा कोर्स केला, कारण जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीपलीकडे माझ्या हातात कधी काही आलं नव्हतं. या परवान्यात एक गंमत दडलेली आहे. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्याला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. या मनाईला मोजके अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे शिकारीचा वैध परवाना. म्हणजे मत द्यायचा हक्क नाही, नोकरी गेली तर ६० दिवसांत गाशा गुंडाळायचा, पण लावे मारायचे म्हटलं तर बंदूक चालेल.

हे मला सांगितलं आमच्या टीममधल्या म्हाताऱ्याने. त्याचा जन्म चिप टेस्टिंगमध्ये गेला, आणि हिवाळ्यातला प्रत्येक शनिवार-रविवार फीनिक्सच्या बाहेर. त्याच्या मागे लागला होता माझा रूममेट, मूळचा साताऱ्याचा, ज्याला सगळे दाजी म्हणतात. चौथा अण्णा, अनंतपूरचा. त्याने आधीच जाहीर केलं की मी गोळी घालणार नाही, पण खायला आहे. आम्ही त्याला हसलो. खरं तर रोज दुकानातून चिकन आणणारे आपण सगळे अण्णाच असतो.

जानेवारीतला शनिवार होता. फीनिक्सपासून साधारण दोन तास, टोंटो नॅशनल फॉरेस्ट, रूझवेल्ट तलावाच्या वरची टेकाडं. वाळवंट म्हटलं की आपल्याला जैसलमेरची वाळू आठवते. सोनोरन वाळवंटात वाळू कमी आणि दगडगोटे जास्त. दोन पुरुष उंचीचे, तीन पुरुष उंचीचे सग्वारो निवडुंग, हिरव्या सालीची पालो वर्देची झाडं, ओढ्याच्या कोरड्या पात्रात मेस्किट. मी सोलापूरचा आहे. सग्वारो सोडले तर मला हे सगळं ओळखीचं वाटलं. मेस्किट तर आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीणच. वेडी बाभूळ मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आणली गेली. तोच काटा, तीच शेंग, सरपणाचा तोच गुण. पटकन पेटतं आणि निखारा लवकर विझत नाही.

इथल्या लाव्याचं नाव गॅम्बेल्स क्वेल. अंगाने आपल्या लाव्यापेक्षा थोराड, वजन सगळं मिळून १७० ग्रॅमच्या आसपास. कपाळावर पुढे झुकलेला काळा तुरा, स्वल्पविरामासारखा. या पक्ष्याचं वर्षाचं गणित हिवाळी पावसावर चालतं. ऑक्टोबर ते मार्च चांगला पाऊस पडला की जमिनीलगत हिरवळ उगवते, ती खाऊन पक्षी विणीला येतात, थव्यात पिल्लंच पिल्लं. पाऊस नाही तर बरेच पक्षी त्या वर्षी घरटंच करत नाहीत. म्हाताऱ्याने हे सांगितलं तेव्हा मला हस्ताचा पाऊस आठवला. हस्त कोरडा गेला की आमच्याकडे शाळू पेरायचा की नाही यावर घराघरात जे मौन पसरतं, तेच इथे या तुरेवाल्यांच्या संसारात पसरत असणार.

सकाळी सहाला पारा शून्याच्या जवळ होता. म्हाताऱ्याची कुत्री बिस्किट, जर्मन पॉइंटर जातीची, गाडीचं दार उघडताच उडी मारून ओढ्यात उतरली. आधी नुसता आवाज ऐकू येतो. तीन-चार सुरांची हाक, थवा जागा झाला की ते एकमेकांना घालतात. मग आपण त्या दिशेने चालायचं. मला वाटलं होतं पक्षी उडतील, आपण नेम धरू. हे पक्षी पळतात. झुडपाखालून झुडपाखाली, तुरा हलवत, शाळेला उशीर झालेल्या पोरांसारखे. आपण घाई केली की ते टेकाडाच्या पलीकडे. बराच वेळ असं दमवल्यावर थवा एकदम फुटला. तो आवाज मी विसरणार नाही, कुणीतरी छातीजवळ ताडपत्री फाडावी तसा. बंदूक खांद्याला लावायचीही सुचली नाही.

थवा फुटला की एकेकटा पक्षी कुठेतरी दडून बसतो. खरं काम तिथून सुरू होतं. बिस्किट एका झुडपासमोर पुतळा झाली, पुढचा एक पाय वर. म्हातारा म्हणाला, जा, तुझा. मी पुढे गेलो, पक्षी उठला, मी चाप ओढला, पक्षी पडला. इतकंच. त्यात थरार होता का? होता. खोटं कशाला बोलू. हातात घेतला तेव्हा तो गरम होता, आणि तो थरार ओसरायला वेळ लागला नाही.

दुसरा पक्षी मात्र जखमी होऊन निवडुंगांच्या जाळीत पडला. आजूबाजूला दोन-तीन पक्षी अजून उठत होते. दाजीने बंदूक वर केली तर म्हाताऱ्याने त्याला थांबवलं. आधी पडलेला सापडला पाहिजे. ॲरिझोनात कायदाच आहे, मारलेल्या पक्ष्याचं खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा गुन्हा. पण म्हाताऱ्याचा आवाज कायद्याचा नव्हता. पाऊण तास आम्ही चौघं एका पक्ष्यासाठी वाकून फिरलो. चोया नावाचा निवडुंग आहे इथे, नुसता घासून गेलात तरी त्याचा गड्डा कपड्याला चिकटतो आणि हाताने काढायला गेलात तर हाताला. त्यासाठी म्हाताऱ्याच्या खिशात साधा केसांचा कंगवा असतो. कंगव्याने उचकटायचा आणि लांब फेकायचा. अण्णाच्या पोटरीत तीन गड्डे रुतले. शेवटी बिस्किटने पक्षी आणून दिला. तो जिवंत होता. म्हाताऱ्याने दोन बोटांत मान धरून एका झटक्यात काम संपवलं आणि पक्षी माझ्या हातात दिला. पुढच्या वेळी हे तू करायचं, एवढंच म्हणाला.

मर्यादा माणशी दिवसाला १५ पक्ष्यांची. आमचे सगळ्यांचे मिळून झाले अकरा. म्हाताऱ्याचे सहा, दाजीचे तीन, माझे दोन.

दुपारी ओढ्याच्या काठावर पक्षी सोलायला बसलो. मानेखाली पक्ष्याची दाण्यांची पिशवी असते. म्हाताऱ्याने प्रत्येकाची पिशवी उघडून आत काय आहे ते तळहातावर दाखवलं. बारीक बिया, हिरवा पाला, मेस्किटचे दाणे. माझ्या दुसऱ्या पक्ष्याच्या पिशवीत पाला नुकताच खुडल्यासारखा ताजा होता. सकाळचा नाष्टा. तो पाहून मला जे वाटलं ते चाप ओढताना वाटलं नव्हतं. कधीही चिकन सोलताना मला ते कोंबडं सकाळी काय खाऊन आलं हे दिसलेलं नाही.

आता स्वयंपाक. तो माझ्याकडे होता.

म्हाताऱ्याकडे बिडाचं मोठं पातेलं आहे, तीन पायांचं, झाकणाला उभी कड. इकडे त्याला डच अव्हन म्हणतात. कड अशासाठी की झाकणावर निखारे ठेवता यावेत. खाली आठ, वर सोळा, हे त्याचं बिस्किटं भाजायचं गणित. (बिस्किटं म्हणजे इथले खारे पाव, कुत्रीचं नाव त्यावरूनच.) वर-खाली विस्तव ही युक्ती आपल्या आज्यांनाही ठाऊक होती, त्यामुळे मी फारसा चकित झालो नाही, पण बिस्किटं अप्रतिम झाली.

मी घरून आणलं होतं काळं तिखट, आईने पाठवलेलं. सुक्या खोबऱ्याची वाटी आणि अख्खे कांदे. खलबत्ताही गाडीत टाकला होता, त्यावरून दाजी दोन तास हसत होता. खोबरं थेट निखाऱ्यावर धरलं, कडा जळेपर्यंत. कांदे सालीसकट राखेत पुरले. वरची साल कोळसा झाली की आतला कांदा गोड आणि मऊ होतो, मिक्सरवाल्या स्वयंपाकघरात हा वास येणं शक्य नाही. मग सगळं लसूण-आल्याबरोबर कुटलं. पातेल्यात तेल, वाटण, काळं तिखट, तेल सुटेपर्यंत. सात लावे अख्खेच टाकले. लाव्याच्या मांसात चरबी नावालाच असते, जास्त शिजलं तर सुतळी होते, म्हणून उकळी येऊ दिली नाही. निखारे बाजूला ओढून मंद आचेवर अर्धा तास. उरलेले चार पक्षी म्हाताऱ्याने बर्फाच्या पेटीत ठेवले, प्रत्येकाचा एक पंख पिसांसकट तसाच राखून, म्हणजे वाटेत कुणी तपासलं तर जात ओळखता येते.

भाकरी कुठून आणणार? तर आणली होती. सोलापूरची कडक भाकरी. महिनोन्‌महिने टिकते, सामानात दहा हजार मैल येते आणि अमेरिकेत पोचल्यावरही फक्त काठ तुटलेले असतात. माझ्या मते कॅम्पिंगच्या दुकानात मिळणाऱ्या सगळ्या महागड्या खाऊपेक्षा ही सरस. कुस्करून वर रस्सा ओतला. म्हाताऱ्याने पहिला घास घेतला, नाक पुसलं आणि काही न बोलता ताटली पुढे केली. अण्णाच्या दातात छर्रा आला. त्याने तो काढून शेकोटीच्या उजेडात पाहिला आणि खिशात ठेवला.

जेवणं झाल्यावर म्हातारा त्याच्या आवडत्या विषयावर आला. १९३७ साली इथे एक कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवर कर, लांब नळीच्या बंदुकांवर ११ टक्के, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना. त्यामुळे आज रानात जे काही शिल्लक आहे त्यातलं बरंचसं आम्ही शिकाऱ्यांनी पोसलंय, असं त्याचं म्हणणं. हिशोब म्हणून ते खरं आहे. पण हा हिशोब कुठून सुरू करायचा हाही प्रश्न आहेच. आम्ही बसलो होतो ती जमीन टोंटो अपाचे आणि यावापाई लोकांची. १८७५च्या हिवाळ्यात त्यांना सैन्याने पायी हाकलत सान कार्लोसच्या राखीव भागात नेलं. पूर्वेला नकाशात तो भाग आजही आहे, आणि तिथे शिकार करायची तर त्यांचा वेगळा परवाना लागतो. हे मला म्हाताऱ्यानेच सांगितलं, सकाळी नकाशा दाखवताना. त्यामुळे त्याला एकदम झापडबंद म्हणता येत नाही.

मग त्याने विचारलं, तुमच्याकडे लावे कोण मारतं?

मी म्हणालो, कुणी नाही, बंदी आहे. आणि मग मला गप्प बसवेना. सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला नुसतं सेटलमेंट म्हटलं तरी तो नेतो. हा शब्द इंग्रजी आहे आणि त्याला अर्थ आहे, हे मला इंजिनिअरिंगला जाईपर्यंत जाणवलंही नव्हतं. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. सोलापूरचं सेटलमेंट हे त्यातलंच एक. कुंपण सुटलं १९५२ साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत फासेपारधीही होते. नावातच धंदा आहे, फासे लावून तितर आणि लावे धरायचे. बंदूक नाही, छर्रा नाही, पक्षी जिवंत हातात. म्हातारा हे ऐकून पुढे सरकला. फास कशाचा करतात, पक्ष्याला हाक कशी घालतात, असं विचारत राहिला. मला यातलं काही सांगता येईना. मी त्यांच्यातल्या कुणाशी कधी बोललोच नव्हतो.

एक स्पष्ट सांगतो, भारतात शिकार सुरू करा असं माझं म्हणणं नाही. माळरानं नांगरली गेली, प्लॉट पडले, राहिलेल्या तितरांना तरी जगू द्यावं. पण तीच पाखरं, तेच पोट, आणि एकाच्या मारण्याला छंद म्हणायचं, दुसऱ्याच्या मारण्याला गुन्हा, हे शेकोटीपाशी बसून पचत नव्हतं. रस्सा मात्र पचला.

रविवारी रात्री आईचा फोन आला, तेव्हा तिकडे सोमवारची सकाळ. काय जेवलास, हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, लावे.

"लावं? तिकडं कुठनं मिळालं तुला?"

सगळं सांगितलं. बंदुकीचं ऐकून ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या आबांना लई आवडायची. मी शाळेत होते तवा पारधीण यायची दारात. पाटीत जिवंत पाखरं, पाय बांधलेली. पैसे नाही द्यायचो, ज्वारी द्यायचो. मग तिच्या नवऱ्याला पोलिसांनी धरून नेलं. चोरी झालेली तिसऱ्याच गावात. त्यानंतर ती काय परत आली नाही."

मी विचारलं, नाव काय तिचं?

"आता काय आठवतंय. पारधीणच म्हणायचो." आणि मग, "तुला कुणी धरणार नाही न्हवं?"

"परवाना आहे, आई."

हे बोलल्यावर मी हिशोब घातला. आपल्याकडे वन्यजीव कायदा १९७२चा, पण त्यात शिकारीच्या परवान्याची सोय होती, ती गेली १९९१च्या दुरुस्तीत. आई शाळेत होती ते साल त्या दोन्हींच्या मधलं. म्हणजे तेव्हा लहानसहान पाखरांसाठीही कागद मिळू शकत होता. कचेरीत जाऊन मागायचा. तिच्या नवऱ्याने कुठल्या कचेरीत जायचं होतं, आणि गेला असता तर आधी कशाची चौकशी झाली असती, हे मी आईला विचारलं नाही.

ती तोवर रश्श्यावर आली होती. खोबरं किती घातलंस? एक वाटी, म्हणालो. "जास्त झालं. लाव्याला खोबरं सोसत नाही. आबांसाठी आई नुसता लसूण आणि तिखट घालायची, वरनं शेंगदाण्याचं कूट, चिमटीभर."

बर्फाच्या पेटीतले चार लावे म्हाताऱ्याने मलाच देऊन टाकले होते. ते आता फ्रीजरमध्ये आहेत, वाटाण्याच्या पिशवीशेजारी, एकेक पंख बाहेर काढून. दाजी दर दोन दिवसांनी विचारतो. येत्या शनिवारी करू म्हटलंय, खोबरं न घालता.