लेहरा धरून बसलेला माणूस

हिरोमी उएहारा पियानोसमोर बसते खरी, पण बसून राहत नाही. सुरुवातीचे चार-सहा स्वर ती मान खाली घालून वाजवते. मग पाय जमिनीवर आपटायला लागतो, खांदे वर येतात, आणि बघता बघता ती उभी राहून वाजवत असते. खालच्या पट्ट्यांवर कधी मूठ पडते, कधी कोपर. उजवा हात पट्ट्यांवर धावत असतानाच डावा थेट पियानोच्या पोटात जातो आणि तारा दाबून धरतो. मग स्वर घुमत नाही, कोरडा टकटक येतो. ती हसते, ओरडते, ड्रमवाल्याकडे डोळे मोठे करून बघते. टोकियोच्या ‘ब्लू नोट’मध्ये, तिच्यापासून तीन टेबलं मागे बसून मी हे पाहत होतो आणि मनात एकच विचार घोळत होता: हा वेग या देहात मावतो कसा?

पण मला सांगायचं आहे ते तिच्या वेगाबद्दल नाही. म्हणजे, तेवढंच नाही.

ओमोतेसांदो स्थानकातून बाहेर पडून मिनामी-आओयामाच्या महागड्या दुकानांमधून आठ-दहा मिनिटं चाललं की हा क्लब येतो. १९८८ साली सुरू झालेला. वर छोटं दार, आणि खरी जागा जमिनीखाली. जिना उतरायचा, कोट जमा करायचा, आपला नंबर पुकारला की आत जायचं. रात्रीचे दोन खेळ असतात आणि पहिल्या खेळाचे लोक बाहेर पडून दुसऱ्याचे आत येईपर्यंतचं सगळं वेळापत्रक घड्याळावर. टेबलावर जेवण येतं, पेयं येतात. आपल्याकडे जेवणाबरोबर वाजवणं म्हणजे कलाकाराचा अपमान मानतात, आणि मीही तेच मानत वाढलो. म्हणून बशा-चमच्यांचा आवाज पाहून आधी मन खट्टू झालं. दिवे मंद झाले आणि सगळे चमचे थांबले. एकानेही कुणाला गप्प केलं नव्हतं. वाढपी कंबरेत वाकून, जवळजवळ रांगत, ग्लास ठेवून जात होते, कारण मागच्याच्या नजरेआड पियानो जाता कामा नये. फोन एकही वर आला नाही. बैठकीत बसायची सवय असलेल्या माझ्या हाताने आपोआप मांडीवर ताल धरला, तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या तळघरात हलणारा हात माझाच आहे. शेजारी भाची बसली होती. ती टोकियोतल्याच निशीकासाईत राहते, इथेच नोकरी करते, आणि पुण्यात असताना बरीच वर्षं तबला शिकली आहे. ती कानाशी म्हणाली, “मामा, इथे कुणी मान डोलवत नाही. पण वाजवणारा संपला की बघा.” आणि खरंच, पहिलं वादन संपल्यावर त्या गप्प लोकांनी जो कल्ला केला, तो मला जपानात कुठेही, स्थानकावर की बाजारात, ऐकू आला नव्हता.

हिरोमी जिथली, ते हामामात्सु शहर मी आधीच पाहून आलो होतो. टोकियो आणि नागोया यांच्या मध्ये, शिंकान्सेनच्या वाटेवर. १८८७ साली तिथल्या एका प्राथमिक शाळेतला परदेशी ऑर्गन बिघडला आणि तो दुरुस्त करायला तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला बोलावलं. आपल्या संगीत नाटकांत जो पायांनी भाते मारायचा ऑर्गन असे, त्याच जातीचं हे वाद्य. यामाहाने ते उघडून पाहिलं आणि आपणही असं करू शकतो असं ठरवलं. केलंही. मग तो ऑर्गन काठीला बांधून, एका सहकाऱ्याबरोबर खांद्यावर घेऊन, हाकोनेचा घाट ओलांडून, सुमारे २५० किलोमीटर चालत टोकियोच्या संगीतशाळेत तपासायला नेला. तिथे सांगितलं, सूर लागलेले नाहीत. तो तिथेच राहून सुरांचं शास्त्र शिकला, परत येऊन दुसरा ऑर्गन केला, आणि तो पसंत पडला. आज यामाहा, कावाई, रोलँड ही तिन्ही नावं त्याच शहराची आहेत. तिथल्या वाद्यांच्या संग्रहालयात जगभरची वाद्यं मांडली आहेत. शहरातली सर्वांत उंच इमारत माउथ ऑर्गनच्या आकाराची आहे; आधी मला ते थोडं हौशी वाटलं, पण खांद्यावरच्या ऑर्गनची हकीकत कळल्यावर वाटलं, या गावाला तो हक्क आहे.

तर या गावात १९७९ साली जन्मलेली ही मुलगी सहाव्या वर्षी पियानोला बसली. शिकवणाऱ्या बाई रंगांच्या भाषेत सांगायच्या: इथे लाल वाजव, इथे निळं. चौदाव्या वर्षी ती चेक फिलहार्मॉनिकबरोबर वाजली. सतराव्या वर्षी टोकियोत चिक कोरिया या अमेरिकन पियानोवादकाशी योगायोगाने गाठ पडली, त्याने तिला वाजवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कार्यक्रमात मंचावर बोलावलं. पुढे बॉस्टनचं बर्कली कॉलेज, अहमद जमालसारखा गुरू, २००३ मध्ये पहिला अल्बम. २०११ च्या ‘व्हॉइस’ या अल्बमपासून तिने हे त्रिकूट बांधलं: पियानोवर ती, ड्रम्सवर लंडनचा सायमन फिलिप्स, आणि बासवर न्यूयॉर्कचा अँथनी जॅक्सन.

फिलिप्सचा ड्रमसेट बघूनच छाती दडपते. पायाशी दोन मोठे ड्रम, समोर उतरत्या आकाराची रांग, नळकांड्यांसारखे अरुंद उंच ड्रम, मागे घंटेसारखी तबकडी. बाराव्या वर्षापासून तो वडिलांच्या डिक्सिलँड बँडमध्ये वाजवत होता. पुढे ‘द हू’बरोबर १९८९ चा दौरा, आणि १९९२ पासून वीसेक वर्षं ‘टोटो’ या रॉक बँडमध्ये. बहुतेक ड्रमवादक हातांची कात्री करून वाजवतात. हा हात मोकळे ठेवतो. डावा डावीकडचं बघतो, उजवा उजवीकडचं. त्यामुळे एवढ्या पसाऱ्यात त्याची धावपळ कुठेच दिसत नाही. त्या बुटक्या छताच्या खोलीत एवढा सेट म्हणजे कानठळ्या बसणार, असं मी धरून चाललो होतो. तसं झालं नाही. हिरोमीचा हळुवार स्वर आला की तो काडीच्या टोकाने झांजेला नुसता स्पर्श करायचा, आणि तो स्पर्श शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचा.

आणि तिसरा माणूस. अंगाने भारदस्त, काळे कपडे, उंच बैठकीवर बसलेला, पुढ्यात स्टँड आणि स्टँडवर कागद. तो कागदाकडे बघत होता. हिरोमी उभी राहून किंचाळली तरी कागदाकडे, फिलिप्सने तबकडी हाणली तरी कागदाकडे. पान संपलं की शांतपणे उलटायचं. पहिली वीसेक मिनिटं मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नाही, आणि खोलीतले बहुतेक लोकही पाहत नसावेत.

त्या संध्याकाळी ‘मूव्ह’ वाजलं. त्या नावाचा अल्बम एका दिवसाची कथा सांगतो, गजर वाजून जाग येण्यापासून मध्यरात्रीपर्यंत. सुरुवातीला पियानोवर गजराचा एकच स्वर टोचत राहतो, मग इतर दोघं येऊन आदळतात. मी सवयीने मात्रा मोजायला लागलो. एक ओळ सातची वाटली, पुढची पाचाची, मग सहा, मग काहीतरी अर्ध्यावर तुटलेलं. आपला ताल आवर्तनाने फिरतो. कितीही आड, कुआड गेलं तरी सम तिच्या जागी वाट बघत असते. इथे चालच वळली की आवर्तनही बदलत होतं. भाचीकडे पाहिलं तर तिची बोटंही थांबलेली.

मग पियानो आणि बास मिळून एका वळणदार तुकड्यावर आले आणि तिथेच फिरायला लागले. तोच तुकडा, पुन्हा तोच, पुन्हा तोच. त्यावर फिलिप्स सुटला. आणि एकदम मला ओळखीचं दार उघडलं. हा लेहरा होता! आपल्या स्वतंत्र तबलावादनात पेटीवाला किंवा सारंगिया एकच चाल तासभर फिरवत राहतो, आणि तबलजी त्याच्या भरवशावर कायदे, रेले, गती, चक्रदार काय हवं ते मांडतो. ऐकणारे तबल्याकडे बघतात. लेहरेवाल्याकडे कुणी बघत नाही, पण त्याची लय केसभर हलली तर तबलजीच्या हातातली सगळी विद्या जमिनीवर येईल. जॅक्सन लेहरा धरून बसला होता. फिलिप्सने लयीचे तीन तेरा केले, दीडपट गेला, समेच्या अलीकडे थांबला, समेच्या पलीकडे पडला. हिरोमीलाही मोह आवरेना, तिने लेहऱ्यातला एखादा स्वर उचलून मुद्दाम उशिरा टाकला. बासच्या त्या तुकड्याला मात्र ओरखडा गेला नाही. प्रत्येक स्वर तेवढाच लांब, तेवढाच भरीव, आणि सुटला की पुढच्या क्षणी पूर्ण बंद. मी तेव्हापासून शेवटपर्यंत त्याच्या हाताकडेच बघत राहिलो.

त्याचं वाद्य साधं बास गिटार नव्हतं. बासला चार तारा असतात, कारण जुन्या उभ्या बासला चार असायच्या. जॅक्सनचं म्हणणं असं की हे गिटारच्या घराण्यातलं वाद्य आहे, गिटारला सहा तारा, मग याला चारच का? १९७५ साली त्याने कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांचं वाद्य करून घेतलं आणि त्याला काँट्राबास गिटार म्हणायचा आग्रह आयुष्यभर धरला. त्याची सर्वांत खालची तार सेकंदाला जेमतेम ३१ वेळा हलते. तो स्वर कानाला पुरता कळायच्या आधी टेबलाला कळतो. माझ्या पुढ्यातलं पाणी थरथरलं, आणि मी मान वर करून पाहिलं तर जॅक्सनचं बोट नुकतं त्या तारेवरून उठत होतं. १९७३ साली ओहायोच्या ‘ओजेज’ या गायकांच्या ‘फॉर द लव्ह ऑफ मनी’ला त्याने जी बासची चाल दिली, ती इतकी गाण्याचा कणा होती की गीतकारांच्या नावांत त्याचंही नाव आलं. स्टुडिओत वाजवणाऱ्या माणसाला हा मान सहसा मिळत नाही. तो फ्रेंच संगीतकार मेसियाँच्या ऑर्गन-रचनांचा भक्त होता, हे मी नंतर वाचलं, आणि त्याच्या स्वरांना चर्चच्या दगडी भिंतींचं वजन कुठून आलं ते थोडं उमगलं.

आपल्याकडे फ्यूजन म्हटलं की सतारीशेजारी कीबोर्ड, तबल्याशेजारी ड्रम, मधे एक आलाप आणि शेवटी सगळ्यांचं मिळून झटपट सवाल-जवाब. त्यातलं काही मला फार आवडतं, बरंचसं आवडत नाही, कारण दोन्ही बाजू आपापली ओळखपत्रं दाखवून परत जातात. या तिघांपैकी कुणीही आपल्या देशाचं काही आणलं नव्हतं. हिरोमीने एकही जपानी सुरावट पुढे केली नाही, त्याची तिला गरजच नव्हती. तिचा पियानो मूळचा युरोपचा, घडवलेला तिच्याच मुलखातला. जॅझ, रॉक, बेथोव्हेन हे सगळं तिच्या हातात आधीच विरघळून आलेलं. ‘व्हॉइस’च्या शेवटी बेथोव्हेनची ‘पॅथेटिक’ सोनाटा आहे, आणि ती ऐकताना शास्त्रीय कुठे संपलं, ब्लूज कुठे सुरू झालं, याची रेघ मला काढता येत नाही. मीलन झालं होतं ते लयीत: तीन वेगळ्या वयांची, वेगळ्या सवयींची माणसं एकाच क्षणावर उतरत होती, आणि तो क्षण कुठे आहे हे एकमेकांकडे न बघताही त्यांना ठाऊक होतं.

एकदा मात्र जॅक्सनने वर पाहिलं. एका संथ वादनात हिरोमीने शेवटचा स्वर टाकायला खूप वेळ घेतला. इतका, की वाढपीही थबकले. तेव्हा त्याने कागदावरून नजर काढून तिच्याकडे नेली आणि वाट पाहिली. तिने स्वर टाकला, त्याने खालचा स्वर दिला, दोन्ही एकाच वेळी, आणि नजर पुन्हा कागदावर. हिरोमी त्याच्याकडे बघून एवढी मनापासून हसली की तिच्या मागच्या सगळ्या ओरडण्या-उड्यांपेक्षा मला ते हसू जास्त काही सांगून गेलं.

२०१६ चा ‘स्पार्क’ हा या तिघांचा शेवटचा अल्बम ठरला. त्या दौऱ्यात जॅक्सन आजारी पडला आणि त्याच्या जागी फ्रान्सचा आद्रिएँ फेरो वाजवू लागला; उत्तम वादक. हिरोमीने पुढे नव्या माणसांना घेऊन नवं सुरू केलं, टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात तिला सगळ्या जगाने पाहिलं. जॅक्सन २०२५ मध्ये गेला. त्याच्यावर त्या आठवड्यात जे लिहून आलं त्यात बासवादकांनी लिहिलेलंच जास्त होतं. मला वाटतं, तबला ऐकणाऱ्यांनीही त्याला ऐकायला हवं.

खेळ संपल्यावर वर आलो तर दुसऱ्या खेळाची माणसं आत जायला उभी होती. थंडी चांगलीच होती. सिग्नल लाल होता, रस्त्यावर एकही गाडी नव्हती आणि तरी सगळे पादचारी उभे होते. तिथेच भाचीने हातमोजे काढले आणि टाळी द्यायला लागली.

“मामा, तो लेहरा सतराचा होता. नऊ आणि आठ.”

“नऊ-आठ नाही. साडेआठाची दोन आवर्तनं होती ती. दुसरं पहिल्यासारखंच सुरू होत होतं.”

“सुरू तसं होत होतं, पण वळत दुसरीकडे होतं. बासचा चौथा स्वर आठवा.”

मी आठवला. गुणगुणून पाहिला. सिग्नल हिरवा झाला, लोक निघाले, आम्ही उभेच. हान्झोमोन लाइनच्या डब्यात इतकी शांतता की तोंडाने बोल म्हणायची सोय नव्हती, तेव्हा तिने बोटांनी मांडून दाखवलं आणि मी माझ्या बोटांनी खोडून काढलं. कुदानशिताला गाडी बदलली. निशीकासाईला उतरलो तरी निकाल लागला नव्हता.

“त्याच्या पुढ्यातला कागद एकदा बघायला मिळायला हवा होता, मामा,” ती म्हणाली आणि जिना उतरता उतरता पुन्हा पहिल्या मात्रेपासून मोजायला लागली.