पाण्याखालचं माहेर

पुणे-सोलापूर रस्त्यानं तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. पंढरीला, तुळजापूरला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. भिगवण मागं पडलं की डाव्या हाताला लांबवर पाणी चमकतं. ते एसटीच्या खिडकीतून बघून तुम्ही पुन्हा डुलकी घेतली असेल. मीही इतकी वर्षं तेच केलं.

2024 च्या मार्चअखेर इंदापूरला लग्न होतं. बरोबर घरची मंडळी आणि आई. आईचं माहेर पळसदेव. आज हमरस्त्याला लागून आहे ते नव्हे, भीमेच्या काठचं जुनं. 1980 साली उजनीचं धरण पुरं झालं आणि ते गाव पाण्यात गेलं. मामाचा मुलगा नव्या गावात राहतो. तो म्हणाला, ‘‘आत्या, एक दिवस राहा. तुला पक्षी दाखवतो.’’

आई म्हणाली, ‘‘पाखरं काय बघायची? जोंधळ्यावरची पाखरं हाकण्यात जन्म गेला माझा.’’

पण राहिली. भाच्याचा शब्द मोडवेना.

पहाटे त्याच्या पिकअपमधून कुंभारगावला गेलो. इथले मच्छिमार आता पाहुण्यांना होडीतून फिरवतात. नावाडी पोरगा पंचविशीचा असेल. त्यानं आईला हात देऊन बसवलं आणि लुगड्यावरून नारिंगी जाकीट चढवलं. ‘‘हे कशाला रं?’’ ‘‘असू द्या आजी.’’ तुम्हीही ते घालायला कंटाळू नका. पुढं दोनच महिन्यांत, 21 मे 2024 ला, याच जलाशयात कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळात होडी उलटली आणि सहा माणसं गेली.

त्या दिवशी मात्र पाणी ताटातल्यासारखं निवांत होतं. लांब तंगड्यांचे शेकाटे चिखलात फिरत होते. राखी बगळा एखाद्या तलाठ्यासारखा गंभीर उभा. कपाळावर पांढरा टिळा लावलेली काळी पाखरं थव्यानं पोहत होती. पोरगा म्हणाला, ‘‘आजी, यांना वारकरी म्हणतात.’’ आईच्या गळ्यात माळ आहे. तिनं लगेच हात जोडले. आमची सौ. हसली, ‘‘आत्याबाई, हे वारकरी पाण्यातलं सगळं खात्यात बरं का!’’

मग पोरानं इंजन बंद केलं आणि बांबूनं होडी रेटू लागला. समोर गुलाबी पट्टा दिसला. जवळ जाताना पट्ट्याचे पाय दिसू लागले. रोहित पक्षी! पोरं त्याला फ्लेमिंगोच म्हणतात. सगळ्यांच्या माना पाण्यात. हा पक्षी डोकं उलटं करून चोच पाण्यात धरतो. चिखलपाणी आत ओढतो, जिभेनं बाहेर ढकलतो, आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत किडे नि शेवाळ अडकवून ठेवतो. आपल्या बाया पीठ चाळतात तसंच की! गुलाबी रंगही या खाण्यातूनच अंगात येतो. पिल्लं राखाडी असतात. त्यांची वीण कच्छच्या रणात, मातीच्या ढिगाऱ्यासारख्या घरट्यात होते.

कशानं बिचकले कुणास ठाऊक, एकदम उठले. पाण्यावर चार पावलं धावले आणि पंख उघडले. पंखाच्या आत लालभडक रंग! आई नुसतं ‘‘बाई गं’’ म्हणाली. पाखरं हाकायला उचललेला तिचा हात मी जन्मभर पाहिलाय, तो हात आज मांडीवर तसाच राहिला.

‘‘यंदा पाणी कमी, म्हणून इतक्या जवळ दिसले,’’ पोरगा म्हणाला. ‘‘धरण भरलेलं असलं की यांचे पाय टेकत नाहीत.’’

मामेभाऊ काही बोलला नाही. 2023 ला पाऊस कमी झाला होता. धरण भरलंच नाही, आणि जानेवारीतच मृतसाठ्यात गेलं. त्याचा अडीच एकर ऊस उभा. पाणी मागं सरतंय तशी मोटार खाली न्यायची, पाइप जोडायचे. त्या हंगामात चार वेळा झालं होतं.

दुपारी भिगवणला जेवलो. आम्ही चिलापीचं कालवण, आईनं पिठलं-भाकरी. उन्हं कलल्यावर पळसदेवला आलो आणि भेगाळलेल्या गाळावरून पाण्याच्या कडेला गेलो. समोर पळसनाथाच्या जुन्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर आलं होतं. त्यावर एक पाणकावळा पंख पसरून ऊन खात बसलेला.

आईनं चपला काढल्या. मग बोटानं दाखवू लागली, ‘‘देवळाच्या अलीकडं आमची आळी. तिथं चिंच होती. त्या तिथं विहीर, तिचं पाणी गोड.’’ आम्हाला सगळीकडं सारखंच पाणी दिसत होतं. ती मात्र पाण्यावर घर मांडत होती. सौ.नं तिचा हात धरला.

बऱ्याच वेळानं तिनं भाच्याला विचारलं, ‘‘अजून पाणी उतरलं तर गाभारा उघडा पडंल?’’

‘‘पडंल की आत्या. पण तोवर माझा ऊस राहायचा नाही.’’

आईनं शिखराकडं पाहिलं. ‘‘मग नको पडायला,’’ ती म्हणाली आणि चपला पायात घातल्या.

रात्री साडेनवाला लाईट आली. पण मोटारीला पाणी लागेना. मी आणि मामेभाऊ बॅटरी घेऊन गाळात उतरलो आणि आणखी दोन पाइप जोडले. अंधारात पलीकडून त्या रोहितांचा गलका ऐकू येत होता. मोटार सुरू झाली तेव्हा बारा वाजून गेले होते. घरी आलो तर आई ओसरीवर जागीच. तिनं एवढंच विचारलं, ‘‘पाणी चढलं का?’’