परकें गाणें, आपला गळा

तंबोऱ्यावर तयार झालेला गळा परक्या गाण्याकडे वळला, कीं विद्या वायां गेली असें आपण समजतों. मुंबईच्या आशा पुथली यांचें उदाहरण मात्र निराळें आहे. हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतलेल्या या बाई ऑर्नेट कोलमन यांच्या १९७२ च्या 'सायन्स फिक्शन' या जाझ ध्वनिमुद्रिकेंत गायल्या. पुढें १९७६ सालीं, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या सोल-फंक वळणाचा, त्यांचा 'द डेव्हिल इज लूज' हा गीतसंग्रह निघाला. त्यांतील 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत गाजलें. भाषा व ठेका तिकडचा; पण त्या सावकाश सुटणाऱ्या स्वरांत इकडचा रियाज आम्हांस ऐकूं येतो. धुळ्याची आमची नात इंग्रजी गाणीं गाऊं लागतांच तिची शिकवणी थांबविण्याचा सल्ला जळगांवच्या आप्तांनीं दिला. विद्या दिल्यानें वाढते, हें आपण मुलांस पढवितों. मग ती दूर गेल्यानें घटेल कशी?