बोटीच्या आधी डिचोली

आमच्या घरात बोटीचा विषय निघाला की वडीलधारी मंडळी अजूनही जुन्या मुंबई-पणजी बोटीच्या आठवणी काढतात. वळकटी, डबा आणि तिकीट घ्यायचं, पोराला कडेवर मारायचं आणि निघायचं. पोराचा कागद कोण मागतो! म्हणूनच गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुरगाव बंदरातून मुंबईला जाणाऱ्या क्रूझचं बुकिंग झालं, तेव्हा सासूबाई फराळाच्या डब्यांना लागल्या. मी मात्र तिकिटासोबतच्या सूचना वाचत बसले. मोठ्यांना फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, अठराच्या आतल्यांना जन्मदाखला किंवा पासपोर्ट.

धाकटीचा दाखला सावंतवाडीचा, तो बिनचूक होता. थोरल्याचा काढला आणि मी मटकन खाली बसले.

माझं सासर बांदा, माहेर डिचोली. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं. जन्म जिथं होतो, नोंदही तिथलीच. म्हणून आम्ही महाराष्ट्रातले, पण मुलाचा दाखला गोव्याचा. दवाखान्यात फॉर्म भरायला माझे वडील गेले होते. आईचं नाव विचारल्यावर त्यांनी माझं माहेरचं नाव सांगितलं. लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं नवं नाव त्यांच्या तोंडी कधी बसलंच नाही. अकरा वर्षं ही चूक कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मुलांचे बाबा नोकरीनिमित्त मुंबईत, म्हणजे बोटीवर चढणार मी एकटी. माझं आधार कार्ड एका नावाचं आणि मुलाच्या दाखल्यावरची आई भलत्याच नावाची! हातात तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात रजा टाकली आणि दोडामार्गमार्गे डिचोली गाठली. दोडामार्गची वेस ओलांडली की डिचोली तालुका लागतो. माणसं तीच, बोली तीच. बदलतात त्या गाड्यांच्या नंबरपाट्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांनी घेईपर्यंत डिचोली आणि पेडणे हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांचेच. त्यामुळे सोयरिकी आजही वेस न मानता होतात. कागद मात्र वेस मानतात.

कचेरीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, आणि माझी दोन्ही नावं असलेला विवाहनोंदणीचा दाखला आणा. त्यापायी तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला वडील म्हणाले, "माझीच चूक ती बाय. मी येतो तुला पोचवायला."

परतताना आम्ही पेडण्याच्या वाटेनं आलो. पत्रादेवीला हुतात्मा स्मारकाशी वडिलांनी गाडी थांबवायला सांगितली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी इथं निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर सीमा बंद झाली. वडिलांच्या आत्येला बांद्यात दिलेली. परवान्याशिवाय पलीकडे जाता येईना, म्हणून तिला माहेरचा गणपती काही वर्षं दिसला नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि मगच ती आली. "कागद नव्हता म्हणून आत्या अडली," वडील म्हणाले, "तू अडू नको."

या धावपळीत शिकलेलं चार जणांच्या उपयोगी पडावं म्हणून सांगते. देशातल्या देशात बोटीनं जायला पासपोर्ट लागत नाही. पण कोणता पुरावा चालेल ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, तेव्हा तिकीट काढतानाच विचारा. लक्षद्वीपला उतरायचं तर परवाना लागतो. बोट परदेशी बंदराला लागणार असेल तर तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट हवा. पंधरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि त्यासाठी आईवडील दोघांचीही संमती मागतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. तेव्हा लेक माहेरी बाळंत झाली असेल, तर दाखला हाती पडल्यादिवशीच आईचं नाव वाचून घ्या.

बोटीच्या चार दिवस आधी दाखला मिळाला. बंदरात तपासनिसानं तो जेमतेम अर्धा मिनिट पाहिला आणि थोरल्याच्या पाठीवर थाप मारून आत सोडलं. संध्याकाळी डेकवर मुलं किनाऱ्यावरचे दिवे मोजत होती, आणि मला कचेरीतल्या बाईंचं बोलणं आठवत होतं. दुरुस्ती करताना मूळ नोंद खोडत नाहीत, समासात शेरा मारतात, असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे डिचोलीच्या त्या वहीत माझ्या मुलाची आई म्हणून माझं माहेरचं नाव अजून आहे, वडिलांनी सांगितलं तसंच.

घरी फोन करून मी त्यांना हे सांगितलं. थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पोरांना रेलिंगपासून लांब ठेव हां."