चौपटीची घाई

आमच्या धंद्यात डेमो नावाचा एक प्रकार असतो. आत काहीही गोंधळ असो, क्लायंटसमोर स्क्रीन चकाचक दिसली पाहिजे. पाच दिवस हे करून शनिवारी मी ताईच्या कथकच्या क्लासला मदतीला जातो. तिथेही सध्या डेमोच चालू आहे, त्याचं नाव गॅदरिंग!

तीनतालाचा तत्कार माहितीये? 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्'. पहिल्या चार मात्रा उजवा, डावा, उजवा, डावा. आणि 'आ'ला पुन्हा डावाच! सात-आठ वर्षांची पोरं नेमकी इथेच अडकतात. ठाय लयीत विचार करायला वेळ मिळतो. चौपटीत एका मात्रेत चार बोल, म्हणजे पाय आपोआप पडला तरच पडणार. ते आपोआप पडणं सरावानेच येतं, त्याला पॅच मारता येत नाही.

पण टाळ्या मिळतात चौपटीला. "दादा, पाय चुकले तर कुणाला कळतंय?" इति एक पालक. खरंय, प्रेक्षकांना नाही कळत. नाचणारीला कळतं. दहाजणींत एक आहे, 'आ' आला की हळूच शेजारणीच्या पायांकडे बघते. तिच्या आईनेच सुचवलं, "हिला मागे उभी करा, नुसते हात करेल."

आता नुसतं तत्कार घासत बसूनही चालत नाही हां. स्टेज, घुंगरं, आजी-आजोबांच्या टाळ्या यासाठीच तर पोरं येतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेची तारीख नसती, तर पढंत कोणी पाठ केली असती का? डेडलाईन वाईट नसते, ती काय मागते ते बघायचं.

ताईने सरळ चौपट काढून टाकली. आयटम पाच मिनिटांचा साडेतीनचा झाला. ठाय आणि दुप्पट सगळ्याजणी करणार. शेवटची तिहाई आधी हाताने ताल देत बोलणार, मग पायांनी. एकच तुकडा तीनदा आणि शेवट बरोब्बर समेवर. दहा चिमुरड्या एकदम समेवर आल्या की कथकमधलं ओ की ठो न कळणाराही 'वा' म्हणतो! आणि ती मुलगी पुढच्या रांगेत.

दोन पालक नाराज आहेत, एकीने तर क्लास बदलायची भाषा केलीय. हॉलचं भाडं फीमधूनच जातं, त्यामुळे ताईसाठी या नुसत्या तत्त्वाच्या गप्पा नाहीत. पण गेल्या शनिवारी 'आ' आला तेव्हा ती पोरगी समोर बघत होती.

गॅदरिंग दोन आठवड्यांवर आलंय. बघू.